विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकायचंय? आधी एवढं ठरवा

लिनक्स पाहिजे म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतं, ड्युअल बूट कर, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही टाक आणि चालू करताना एक निवड. मला विचाराल तर ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. आधी बघा की तुम्हाला लिनक्स नेमकं कशाला हवंय आणि दिवसातून किती वेळा इकडून तिकडे जावं लागणार आहे, कारण ड्युअल बूटमध्ये दर वेळी मशीन रीस्टार्ट करावं लागतं आणि एक्सेलची एक शीट बघायला चार वेळा रीस्टार्ट मारून माणूस आठवड्यात कंटाळतो, मग ते लिनक्स नुसतं जागा अडवून पडतं.

फक्त कमांड शिकायच्यात, पायथॉन नाहीतर सर्व्हरचं काम करायचंय, तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय, बास. विंडोज 10 आणि 11 दोन्हीवर चालतं, पॉवरशेल (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडा, डब्ल्यूएसएल लिहून स्पेस द्या, दोन डॅश लावून इन्स्टॉल लिहा, एंटर मारा आणि एकदा रीस्टार्ट करा, उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, येऊन बसतं. पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या भागांना, हात लावावा लागत नाही.

पूर्ण डेस्कटॉप बघायचाय, मोडतोड करून शिकायचंय, तर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे विंडोजमध्येच एका खिडकीत आख्खा दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे. स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद, घेऊन ठेवा, मग काहीही बिघडलं तरी दोन क्लिकमध्ये मागे येता येतं, नवीन माणसाला यासारखा आधार नाही. पण रॅम दोघांत वाटली जाते, म्हणजे 8 जीबीच्या लॅपटॉपवर उबंटूला 4 दिली की विंडोजला 4च उरते आणि त्यात क्रोम उघडं असेल तर दोन्ही रांगायला लागतात. 16 जीबी असेल तर मजेत चालतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या टॅबवर सीपीयूखाली व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड दिसतंय का बघा, नसेल तर बायोसमधून, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून, चालू करा.

आता ड्युअल बूट. रॅम कमी आहे, ग्राफिक्स कार्डचा पूर्ण जोर हवाय किंवा दिवसभर लिनक्सवरच बसायचंय, तर हेच बरोबर. पण आधी 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने उबंटू टाका आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालवून बघा. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, टचपॅड नीट चालतो का, हे तिथेच कळतं.

मग बॅकअप. दुसऱ्या डिस्कवर, त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर नाही! बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बूटच्या सेटिंग बदलल्या की विंडोज ती मागू शकतं. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून श्रिंक करून काढा, 25 जीबी कमीत कमी, मी 60 तरी ठेवतो. आणि इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' असा पर्याय समोर येतो, त्याला चुकूनही हात लावू नका, सगळं पुसलं जातं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा लिनक्समधून विंडोजमध्ये आलो तर सकाळचे अकरा वाजलेत आणि लॅपटॉपवर साडेपाच! मला वाटलं बोर्डावरचा सेल गेला. तसं काही नसतं, लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतातली वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही कमांड लिहून स्पेस द्या, पुढे सेट-लोकल-आरटीसी 1 लिहिलं की मिटतं.

नंतर लिनक्स काढायचं झालं तर थेट पार्टिशन डिलीट करू नका, नाहीतर मशीन चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर नुसतं ग्रब (चालू होताना विंडोज की लिनक्स हे विचारणारा प्रोग्राम) लिहिलेलं येतं आणि पोटात गोळा येतो. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरला आणा, विंडोज सरळ चालू होतंय याची खात्री करा आणि मगच डिलीट करा.