खेळ थांबल्यावर प्रशिक्षक कसे व्हावे : स्टीफन कॉन्स्टन्टाईन यांच्या वाटचालीवरून

मराठवाड्यातील बहुतेक फुटबॉलपटूंचा खेळ महाविद्यालयाबरोबरच संपतो. ज्यांना तरीही मैदान सोडवत नाही, त्यांनी प्रशिक्षणाकडे वळण्यापूर्वी स्टीफन कॉन्स्टन्टाईन यांची कारकीर्द अभ्यासावी. १९६२ मध्ये लंडनला जन्मलेल्या या इंग्रज खेळाडूचा खेळ गुडघ्याच्या दुखापतीने लवकरच सुटला, खेळाडू म्हणून त्यांचे नाव फारसे झाले नव्हते, आणि तरीही पुढे नेपाळ, भारत, मलावी, सुदान, रवांडा आणि पाकिस्तान या देशांच्या राष्ट्रीय संघांची सूत्रे त्यांच्या हाती आली. मोठा खेळाडू असल्याशिवाय प्रशिक्षक होता येत नाही, हा समज त्यामुळे प्रथम मनातून काढून टाकावा.

नावाची उणीव त्यांनी शिक्षणाने भरून काढली आणि युरोपातील प्रशिक्षकांच्या सर्वोच्च, म्हणजे प्रो परवान्यापर्यंत मजल मारली. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी परवान्यापासून सुरुवात करून पुढे सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या चढाव्या लागतात. महाराष्ट्रातील अभ्यासक्रमांची चौकशी जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे करावी. शारीरिक शिक्षणाची पदवी असली तरी हा परवाना घ्यावाच, कारण वयोगटानुसार सराव कसा आखावा हे त्यात प्रत्यक्ष मैदानावर करून घेतले जाते.

परवान्याची वाट पाहताना मुले जमवायला मात्र हरकत नाही. नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या काळ्या मातीच्या मैदानांवर पहिली अडचण जमिनीचीच येते. पावसात बुटांना मातीचे गोळे चिकटतात आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत घोटा मुरगळतो. म्हणून वाफसा आल्यावरच सराव घ्यावा, भेगा भरून रोलर फिरवून घ्यावा आणि उन्हाळ्यात पहाटेची वेळ ठरवावी. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार क्रमांकाचा चेंडू द्यावा. पाच क्रमांकाचा त्यांच्या पायांना जड जातो. अकरा जणांचा पूर्ण सामना खेळवण्याऐवजी चार विरुद्ध चार असे छोटे सामने घ्यावेत, म्हणजे एरवी कडेला उभ्या राहणाऱ्या मुलाच्या पायातही चेंडू वारंवार येतो. दोन दगड ठेवले की गोल तयार होतो. त्यासाठी खर्च नको.

संघनिवडीत कॉन्स्टन्टाईन यांचे धैर्य घेण्यासारखे आहे. २०१५ मध्ये दुसऱ्यांदा भारताची जबाबदारी स्वीकारल्यावर त्यांनी तंदुरुस्तीवर कटाक्ष ठेवला आणि अनेक नवोदितांना संधी दिली. संदेश झिंगन त्यांच्यापैकीच एक. त्या वर्षी मार्चमध्ये फिफा क्रमवारीत १७३ व्या स्थानी असलेला भारत जुलै २०१७ मध्ये ९६ व्या स्थानी पोहोचला. त्यांचा संघ लांब चेंडूंवर फार विसंबतो, अशी टीका झाली आणि ती मला बऱ्याच अंशी पटते. त्यामुळे त्यांच्याकडून शिस्त आणि नव्यांवरचा विश्वास घ्यावा, खेळण्याची शैली मात्र आपल्या मुलांचे पाय पाहून ठरवावी. गावातील वजनदार माणसाचा मुलगा आहे म्हणून कोणालाही संघात घेऊ नये.

शेवटची तयारी गाव सोडण्याची. कॉन्स्टन्टाईन यांनी सायप्रसमधील क्लबांपासून सुरुवात केली आणि १९९९ मध्ये त्यांच्या नेपाळ संघाने काठमांडूतील दक्षिण आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवल्यानंतर २००२ मध्ये ते प्रथम भारतात आले. नोकरीची शाश्वती त्यांनाही कधी नव्हती: जानेवारी २०१९ मधील आशियाई चषकात थायलंडवर ४-१ असा विजय मिळवूनही, पुढचे दोन सामने गमावून संघ बाहेर पडताच त्यांनी पद सोडले. पुण्या-मुंबईच्या अकादमीत साहाय्यक प्रशिक्षकाचे काम मिळाले तर पगार थोडा असला तरी ते घ्यावे, मात्र करार लेखी असावा. मुलाखतीला जाताना प्रत्येक सरावाची तारीख, हजेरी, घेतलेले प्रकार आणि दुखापती यांची वही सोबत न्यावी.