‘परतीचे दोर कापले’ लिहिताना या चुका टाळा

पक्षांतराचा मोसम आला की ‘अमुक यांनी परतीचे दोर कापले’ हा मथळा ठरलेला. थोड्याच महिन्यांत तेच अमुक जुन्या पक्षाच्या व्यासपीठावर हार घालून घेताना दिसतात. मग कापलं काय होतं?

आधी हा वाक्प्रचार ज्या कथेतून आला, त्या सिंहगडाच्या कथेतली चूक. कडा चढून गेल्या गेल्या तानाजींनी दोर कापले, असं बरेच जण लिहितात. कथा तशी नाही. पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांना द्यावा लागलेला कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, परत घ्यायला ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कडा चढले. मोगलांचा किल्लेदार उदेभान याच्याशी झुंजताना तानाजी पडले. सरदारच पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटला आणि ते आल्या वाटेने उतरायला कड्याकडे धावले. तिथे तानाजींचे भाऊ सूर्याजी मालुसरे आडवे आले आणि म्हणाले, दोर कापून टाकलेत. आता कड्यावरून उड्या टाकून मरा, नाहीतर फिरा आणि लढा!

ही पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलेली कथा. शिवाजी महाराजांचं चरित्र सांगणाऱ्या जुन्या सभासद बखरीत सूर्याजींनी हिंमत करून लोक सावरले एवढंच येतं, दोरांचं नाव नाही. तेव्हा ‘इतिहासात नोंद आहे’ असं ठोकून देऊ नका, ‘सांगतात’ म्हणा. (सिंहगड हे नावही तानाजींच्या मृत्यूनंतर पडलेलं नाही, १६६३ च्या पत्रात ते सापडतं.)

आता या कथेतली खरी मेख बघा. दोर कापणारा स्वतः गडावरच होता. इतरांची वाट तोडली तशी त्याने आपलीही तोडली. म्हणून ‘कंपनीने कामगारांचे परतीचे दोर कापले’ हे वाक्य मला खटकतं. साहेब वातानुकूलित केबिनमध्ये सुखरूप बसलेत, त्यांचं काय कापलं गेलं? तिथे ‘दारं बंद केली’ म्हणा, नाहीतर सरळ ‘कामावरून काढलं’ लिहा.

‘परतीचे पूल जाळले’ हे इंग्रजीतून आलेलं पिल्लू. त्याचा रोख बहुतेक वेळा संबंध बिघडवण्याकडे असतो. नोकरी सोडताना साहेबाला चार शब्द सुनावले, तर ते ‘संबंध तोडले’. ‘धनुष्यातून सुटलेला बाण’ही वेगळा: तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, एवढंच तो सांगतो. दोर कापण्यात पुढचं काम तडीस नेण्याची जिद्द असते.

शंका आली तर एकच विचारा: उद्या सकाळी या माणसाचं मन बदललं तर? दोन वर्षांची बिनपगारी रजा टाकून खानावळ काढणाऱ्याचे दोर कड्यावर लोंबतच असतात. राजीनामा मंजूर झाला, फंड काढला, ते पैसे गाळ्याच्या पागडीत गेले, की मग खुशाल लिहा.

आणि हो, ‘परतीच्या दोऱ्या कापल्या’ असं लिहू नका. दोरी वेगळी, दोर वेगळा. दोरीवर कपडे वाळत घालतात. कडा चढायला दोरच लागतो.