क्लिक पेनचं एक्सप्लोडेड चित्र मुलांना कसं जमलं

एक्सप्लोडेड चित्र म्हणजे वस्तूचे भाग सुटे करून, ते एकमेकांत बसतात त्या क्रमाने ओळीत दाखवणारं चित्र. पाचवी-सहावीची मुलं पेन खोलायची झटक्यात, पण कागदावर सगळं विखुरलेलं, स्प्रिंग एकीकडे, रिफिल भलतीकडे, कोण कुठे बसतं काही कळायचं नाही. उपाय सापडला तो मधल्या रेषेचा. आधी पट्टीने फिकट सेंटर लाइन मारायची, मग पेन सावकाश उघडायचं आणि भाग ज्या क्रमाने एकमेकांत बसतात त्याच क्रमाने रेषेवर मांडायचे, फिरवायचे नाहीत, फक्त सरळ बाहेर ओढायचे, आणि मग बघून काढायचं. स्प्रिंगकडे नीट बघायला लावा, ती रिफिलच्या टोकाकडे असते, तिथे रिफिलला दोन बारीक कान असतात त्यांना टेकते, मुलं मात्र हमखास तिला बटणाखाली काढतात. लिओनार्दो दा विंचीने 500 वर्षांपूर्वी यंत्रं अशी सुटी करून काढली होती, ते चित्र दाखवलं की मुलांना भारी वाटतं. तपासायचं काम मी करत नाही, चित्र शेजारच्याला द्यायचं, त्याने तेवढंच बघून पेन जोडायचं, क्लिक झालं तर चित्र बरोबर. आता टॉर्च घेतलाय, त्यात प्रत्येक सेलवर अधिक-उणेची खूण हवीच असं सांगितलंय.