संगणकाशी ओवारे खेळताना उजवा खळगा भरत ठेवा

ओवारे हा घानातला दोघांनी खेळायचा बियांचा खेळ. त्याच्या पटावर दोन्ही बाजूंना सहा-सहा खळगे, प्रत्येकात 4 बिया, एकूण 48. ज्याच्याकडे 25 जमल्या तो जिंकला. अॅपमध्ये आधी नियम तपासा. समोरच्याच्या सगळ्या बिया एका चालीत उचलता येतील, तर काही ठिकाणी चाल चालते पण बिया मिळत नाहीत, काही ठिकाणी ती चालच बंद असते. हे न पाहता आखलेला डाव शेवटी फसतो.

सोप्या पातळीवरचा संगणक जवळची लूट चांगली हेरतो, लांबची तयारी त्याला दिसत नाही. म्हणून आपल्या सर्वांत उजव्या खळग्यात बिया साठवा. पेरणे म्हणजे एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जाणे. 12 किंवा जास्त बिया पेरताना मूळ खळगा वगळायचा असतो. त्यामुळे 12वी बी समोरच्या पहिल्या खळग्यात दुसऱ्यांदा पडते, 15वी चौथ्यात. पेरणीआधी ते चारही खळगे रिकामे किंवा एका बीचे असतील, तर प्रत्येकात 2 किंवा 3 होतात आणि चारही उचलता येतात. हीच खरी कमाई! 18 झाल्या की शेवटची बी आपल्याच बाजूला पडते आणि काहीच मिळत नाही, म्हणून मोजणी सोडू नका.

साठवण चालू असताना बाकीच्या खळग्यांत एक-दोन बियांच्या छोट्या चाली राखून ठेवा. त्या संपल्या की भरलेला खळगा वेळेआधीच मोडावा लागतो. समोरची बाजू रिकामी झाली, तर तिकडे बिया पोचवणारी चालच खेळावी लागते, तेही धरून चाला.