जंतूंची धास्ती किती बाळगावी आणि नेमकी कुठे बाळगावी

घरात जंतू किती आहेत, या प्रश्नाला ‘अगणित’ याखेरीज उत्तर नाही, आणि त्या उत्तराने माणूस घाबरण्यापलीकडे काही साधत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी असतात. त्यांतले बहुतेक जिवाणू आतड्यात असतात, आणि निरोगी माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही. उलट अन्न पचवण्यापासून घातक जंतूंना जागा न देण्यापर्यंत कितीतरी कामे ते करतात. त्यामुळे ‘अमुक वस्तूवर लाखो जंतू सापडले’ अशी बातमी वाचून ती वस्तू पुसत सुटणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

मी वीसेक वर्षे घर सांभाळते आहे. त्या काळात घरात तान्ही मुले होती, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, आणि पोटाच्या साथीही अनेकदा येऊन गेल्या. त्या अनुभवावरून आणि त्यासाठी केलेल्या वाचनावरून ठरलेली पद्धत येथे देते आहे.

पायरी १ : जंतू मोजू नयेत, त्यांची आत शिरण्याची वाट ओळखावी

जंतूने आजारी पाडायचे तर तो योग्य जातीचा असावा लागतो, पुरेशा संख्येने असावा लागतो आणि त्याला शरीरात शिरायला वाट मिळावी लागते. अखंड त्वचा ही फार भक्कम भिंत आहे. जंतू आत जातात ते मुख्यतः तोंड, नाक, डोळे आणि उघड्या जखमा यांतून. म्हणून एखाद्या जागेची काळजी करावी की नाही हे ठरवताना एकच विचारावे : येथून कोणाच्या तोंडापर्यंत किंवा श्वासापर्यंत थेट वाट जाते का?

या कसोटीवर शौचालयाची कोरडी बैठक, घरातली फरशी आणि दाराची मूठ यांचा क्रमांक बराच खाली लागतो, तर स्वयंपाकघरातले ओले फडके, कच्चे मांस कापलेली पाटी आणि बाळाचा लंगोट बदलल्यानंतरचे हात वर येतात. ओलावा, अन्नाचे कण आणि ऊब या तिन्ही गोष्टी ज्याला मिळतात ते फडके जंतूंना जितके मानवते, तितकी कोरडी, गुळगुळीत बैठक कधीच मानवत नाही.

पायरी २ : हात धुण्याच्या वेळा ठरवाव्यात

दिवसातून किती वेळा हात धुतले याला फारसे महत्त्व नाही, कोणत्या वेळी धुतले याला आहे. शौचाहून आल्यावर, बाळाचे मलमूत्र आवरल्यावर, आजारी माणसाचे काही केल्यावर, कच्चे मांस किंवा अंडी हाताळल्यावर, बाहेरून आल्यावर, आणि स्वयंपाकापूर्वी व जेवणापूर्वी साबणाने किमान २० सेकंद हात चोळावेत, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे विसरू नयेत, आणि मग ते कोरडे करावेत, कारण ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा कितीतरी सहज पसरतात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा त्या कक्षात एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत २ टक्क्यांच्या आसपास उतरले. हातांचे महत्त्व याहून स्पष्ट करून सांगणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

जंतुनाशक साबणावर वेगळा खर्च करू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक असलेले घरगुती हात-अंग धुण्याचे साबण बाजारातून हटवण्याचा निर्णय दिला, कारण ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नव्हते.

पायरी ३ : स्वयंपाकघरात दोन गोष्टी सांभाळाव्यात

कच्चे आणि शिजलेले यांची भेट होऊ देऊ नये, आणि शिजलेले अन्न बाहेर पडून राहू देऊ नये. कच्ची कोंबडी नळाखाली धुणे ही सवय तर सोडूनच द्यावी, कारण पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर तिच्यावरचे जंतू शेजारच्या भांड्यांवर आणि ओट्यावर उडतात. जे काम आच पूर्णपणे करते ते पाणी अर्धवटसुद्धा करत नाही.

वेळेचे गणित असे आहे. अनुकूल उबेत काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एकाचे ७ तासांत २० लाखांहून अधिक होतात. ही वाढ ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोमात होते, म्हणून शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे, आणि मोठे पातेले तसेच न ठेवता उथळ भांड्यांत वाटून ठेवायला हवे. ‘पुन्हा उकळले की झाले’ हा सल्ला मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. काही जिवाणू अन्नात जे विष सोडतात ते उकळण्याने नष्ट होत नाही. जिवाणू मरतात, विष तसेच राहते. वास येत नाही म्हणजे अन्न चांगले आहे असेही मानू नये.

ओट्याचे फडके रोज बदलावे आणि धुऊन कडकडीत वाळवावे.

पायरी ४ : घरात उलटी-जुलाब झाल्यावरची सफाई

मी सर्वात जास्त चुकले ते या पायरीवर, आणि लोकही येथेच सर्वाधिक चुकतात, म्हणून ती सविस्तर सांगते. एका रात्री माझ्या थोरल्या मुलाला अंथरुणाजवळ उलटी झाली. मी फरशी पुसण्याचे ओले फडके आणले, बादलीत सुगंधी जंतुनाशक ओतले, उलटी पुसली, तेच फडके पिळून सगळी खोली पुसून घेतली, हातांना भरपूर सॅनिटायझर लावला आणि खोलीत दरवळणाऱ्या वासावर समाधान मानून झोपले. तिसऱ्या दिवसापर्यंत घरातले सगळे आडवे झाले होते, सासूबाईंना सलाईन लावावे लागले, आणि मी केलेले प्रत्येक काम जंतू पसरवण्याचेच होते हे मला नंतर वाचताना उमगले.

अशा आजारामागे फार वेळा नोरोव्हायरस असतो, आणि त्याच्या बाबतीत रोजचे आडाखे चालत नाहीत. साल्मोनेलासारख्या जिवाणूंना आजार घडवायला सहसा मोठ्या संख्येने पोटात जावे लागते. नोरोव्हायरसला मात्र दहा-वीस कणही पुरू शकतात, आणि आजारी माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत त्याचे अब्जावधी कण असतात. सॅनिटायझरमधले अल्कोहोल मुख्यतः ज्या विषाणूंना बाहेरून चरबीचे वेष्टन असते त्यांना सहज मारते, कारण ते वेष्टनच विरघळवते. नोरोव्हायरसला असे वेष्टन नसल्यामुळे सॅनिटायझरवर विसंबता येत नाही. अशा दिवसांत हात साबण-पाण्यानेच धुवावेत, कारण विषाणू मेला नाही तरी चोळण्याने सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो.

आता सफाईचा क्रम. प्रथम लहान मुलांना खोलीबाहेर न्यावे, खिडकी उघडावी आणि हातमोजे घालावेत. उलटीवर जुने कागद किंवा टाकाऊ कपडा पसरावा, तिला शोषून घेऊ द्यावे, आणि कडेकडून आत गोळा करत पिशवीत भरून पिशवीचे तोंड बांधावे. घासायचे नाही, पसरवायचे नाही, आणि पुन्हा वापरायचे फडके या टप्प्यावर अजिबात वापरायचे नाही. त्यानंतर ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पुसावी. अनेक जण ही पायरी वगळून थेट जंतुनाशक ओततात. ब्लीचसारख्या जंतुनाशकातले क्लोरिन समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर खर्च होते. घाण तशीच असेल तर ते घाणीवरच संपते आणि विषाणूपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे आधी स्वच्छ करणे आणि मग निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही.

मग ब्लीच. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरिनयुक्त द्रव्याचे प्रमाण ५ टक्के असेल, तर एक लिटर गार पाण्यात २० मिलिलिटर घातल्यास क्लोरिनचे प्रमाण साधारण दहा लाख भागांत १,००० भाग होते आणि १०० मिलिलिटर घातल्यास ५,००० च्या जवळ जाते. नोरोव्हायरससाठी या दोन आकड्यांच्या दरम्यानचे द्रावण सुचवले जाते. प्रत्यक्ष उलटी पडलेल्या जागेसाठी मी तीव्र बाजूचे करते आणि नळ, कड्या, दिव्यांची बटणे यांसाठी सौम्य. द्रावण त्याच दिवशी ताजे करावे, कारण त्याचा जोर झपाट्याने उतरतो. उलटीचे बारीक तुषार दिसतात त्यापेक्षा बरेच दूर जातात, म्हणून डागाच्या चारही बाजूंना दोन मीटरपर्यंतची जागा मी धरते, पलंगाच्या पायांसकट.

सगळ्यात मोठी चूक यानंतर होते. द्रावण लावले की लोक लगेच पुसून कोरडे करतात. जंतुनाशक हे जोराने काम करत नाही, वेळाने करते. पृष्ठभाग किमान पाच मिनिटे ओला दिसत राहायला हवा. मी घड्याळ लावून दहा मिनिटे ठेवते आणि मध्येच वाळू लागले तर पुन्हा लावते. सुरुवातीला ती दहा मिनिटे काही न करता उभे राहणे मला जमत नसे, हात आपोआप फडक्याकडे जात; तेव्हापासून मी द्रावण लावून चादरी गोळा करायला घेते. वेळ झाल्यावर साध्या पाण्याने पुसून घ्यावे, विशेषतः धातूच्या वस्तू, नाहीतर त्या गंजतात.

दोन इशारे मी कोणालाही दिल्याशिवाय राहत नाही. ब्लीचमध्ये शौचालय धुण्याचे आम्ल, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले द्रव्य कधीही मिसळू नये. आम्लाबरोबर क्लोरिनचा विषारी वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइनचा, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. जंतूंच्या भीतीपोटी दोन बाटल्या एकत्र ओतणाऱ्यांना त्या जंतूंपेक्षा मोठा धोका असतो. दुसरे, द्रावण पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये.

मळलेल्या चादरी झटकू नयेत. अंगापासून दूर धरून थेट धुण्याच्या यंत्रात टाकाव्यात आणि कापड सोसेल तितक्या, शक्यतो ६० अंशांच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवाव्यात. शेवटी हातमोजे आतली बाजू बाहेर येईल असे उलटवून काढावेत, टाकून द्यावेत आणि हात साबणाने धुवावेत.

आणि आजार उतरला म्हणून सोडून देऊ नये. लक्षणे थांबल्यानंतरही किमान दोन दिवस त्या माणसाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. त्याच्या विष्ठेतून विषाणू पुढे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बाहेर पडत राहू शकतो, त्यामुळे तोवर शौचानंतर हात धुण्यात त्याला कोणतीही सवलत नाही.

पायरी ५ : श्वासाचे आजार हवेत शोधावेत

सर्दी, फ्लू आणि कोविड यांच्यासाठी वस्तू पुसण्यापेक्षा खिडक्या उघडणे, आजारी माणसाने मास्क लावणे आणि गर्दीच्या बंद खोलीत कमी वेळ थांबणे जास्त उपयोगी आहे. २०२० मध्ये बाहेरून आणलेली प्रत्येक पिशवी पुसण्यात आपण केलेल्या श्रमांपैकी बहुतेक चुकीच्या जागी गेले.

पायरी ६ : कोणासाठी पट्टी वेगळी आहे ते पाहावे

तान्ही बाळे, वयोवृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यासाठी वरचे सारे नियम अधिक कडक पाळावेत. गर्भवतीने न तापवलेले कच्चे दूध आणि त्याचे पदार्थ टाळावेत, कारण लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि गर्भाला इजा करतो. जुलाबातून रक्त पडत असेल, लघवी फार कमी झाली असेल, पाणी पोटात ठरत नसेल किंवा मूल मलूल पडले असेल, तर घरी वाट पाहू नये, डॉक्टरांकडे जावे. तोवर क्षारसंजीवनी घोटाघोटाने देत राहावी.

पायरी ७ : उरलेले सोडून द्यावे

घरात कोणी आजारी नसताना फरशी, भिंती, खेळणी आणि सोफा यांना रोज जंतुनाशक लावू नये. साबण, पाणी आणि ऊन पुरते. शेतावर, गुराढोरांच्या सहवासात वाढणाऱ्या मुलांमध्ये ॲलर्जी आणि दमा कमी आढळतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. याचा अर्थ मुलांना मुद्दाम घाणीत ठेवावे असा लावणारे लोक मला भेटतात आणि तो साफ चुकीचा आहे, कारण माती-झाडे-जनावरे यांच्यातले निरुपद्रवी जंतू वेगळे आणि विष्ठेतून येणारे जुलाबाचे जंतू वेगळे. पहिल्यांशी ओळख होऊ द्यावी, दुसऱ्यांची वाट हातांवरच अडवावी. मातीत खेळून आलेल्या मुलाला दारातूनच न्हाणीघरात पिटाळण्याची गरज नाही, जेवायला बसण्यापूर्वी त्याने साबणाने हात धुतले की पुरे.