रँकिंगच्या आडवाटा: चाल खेळण्याआधी ती कशी तपासावी

रोबोटिक्स स्पर्धेच्या क्वालिफिकेशन मॅचमध्ये (रँक ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत) जोडीदार आपण निवडत नाही, वेळापत्रक देतं. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये (एफआरसी) तीन टीमची अलायन्स (एका बाजूने खेळणारा गट) असते, व्हेक्स या दुसऱ्या रोबोटिक्स स्पर्धेत दोनची. आजचा जोडीदार दोन मॅचनंतर समोर उभा असू शकतो. निकालाचे गुण मात्र अलायन्समधल्या सगळ्यांना मिळतात. म्हणून रँक चढवण्यासाठी तुम्ही खेळलेली वेगळी चाल दुसऱ्या कुणाच्या तरी रँकलाही हात घालते. ती चाल योग्य की अयोग्य, हे मॅचआधीच ठरवता येतं.

सुरुवात गणितापासून करा. नियमपुस्तिकेतले रँकिंगचे निकष क्रमाने लिहून काढा: आधी काय मोजतात, बरोबरी झाली तर काय. मग त्या मॅचच्या प्रत्येक शक्य निकालासमोर स्वतःचे, जोडीदारांचे आणि प्रतिस्पर्ध्यांचे गुण मांडा. बऱ्याच टीम फक्त स्वतःचा रकाना भरतात आणि चूक तिथेच होते.

एफआरसीचा 2010 चा ‘ब्रेकअवे’ हा फुटबॉलसारखा खेळ या गणितासाठी आजही उत्तम उदाहरण आहे. तिथे सुरुवातीच्या नियमानुसार सीडिंगसाठी (क्रमवारीसाठी) जिंकणाऱ्याला स्वतःचे गुण अधिक हरणाऱ्याच्या गुणांची दुप्पट मिळत असे, आणि हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचे गुण. दंड बाजूला ठेवून पाहा: लाल 6, निळा 2 असा निकाल लागला तर लाल अलायन्सला 6+4 म्हणजे 10 आणि निळ्याला 6. पण हार नक्की दिसत असलेल्या निळ्याने तेच 2 गोल लाल बाजूला केले, तर निकाल 8-0 आणि दोघांनाही 8. निळ्याचे 2 वाढले, लालचे 2 घटले. यातूनच सहाही रोबोंनी एकाच गोलात चेंडू टाकण्याची ‘सहा विरुद्ध शून्य’ ही चाल निघाली.

यातलं निळ्या अलायन्सचं स्वतःचं पाऊल आम्हाला रास्त वाटतं: तिघांनी मिळून ठरवलं, नियमात बसतं, सगळ्यांसमोर घडतं. सहा टीमच्या कराराचं तसं नाही. तिथे एखादी नवखी टीम नामांकित टीमपुढे ‘नको’ म्हणू शकत नाही, आणि दबून दिलेला होकार हा होकार नव्हे.

एफआरसीच्या नियमांनी पुढे ही रेघ स्पष्ट आखली. आपण ज्या अलायन्समध्ये नाही तिला क्षमतेपेक्षा कमी खेळायला सांगता येत नाही. बाहेरच्या टीमच्या सांगण्यावरून स्वतः कमी खेळणंही चालत नाही. अलायन्सने आपल्या मॅचसाठी आपली योजना आखायला मात्र हा नियम आड येत नाही. दुसरी स्पर्धा असेल तर तिची पुस्तिका आणि अधिकृत प्रश्नोत्तरं वाचा. एका स्पर्धेची मुभा दुसरीकडे लागू होत नाही.

चाल नियमात बसत असेल तर तीन प्रश्न विचारा:

1. योजना कुणाकडून आली? मैदानात न उतरणाऱ्या टीमकडून आली असेल तर तिथेच थांबा.
2. ही चाल खेळल्यावर प्रत्येक जोडीदाराला किती गुण मिळतील? कमी मिळणार असतील तर त्याला तो आकडा दाखवून विचारा. ‘सगळ्यांचा फायदा आहे’ असं मोघम सांगणं म्हणजे फसवणूक.
3. तुम्ही काय करताय हे प्रेक्षकांतून कुणी विचारलं, तर खरं उत्तर देता येईल का? रोबो बिघडल्याचं नाटक करावं लागत असेल तर चाल सोडून द्या.

हे बोलणं दोन-तीन मॅच आधी, पिटमध्ये (टीमच्या रोबो दुरुस्तीच्या जागेत) करा. रांगेत उभं असताना जोडीदाराला विचार करायला वेळ नसतो. ड्राइव्ह कोचबरोबर (मॅचमध्ये ड्रायव्हरना सूचना देणाऱ्याबरोबर) विद्यार्थीही हवेत. मेंटॉरांनी परस्पर ठरवलेली योजना ड्रायव्हर मनापासून खेळत नाही. एकानेही नकार दिला तर नेहमीचा खेळ खेळायचा, कुरकुर न करता.

व्हेक्समधली चाल रोजच्या कामाची आहे. तिथे आधी विन पॉइंट, मग ऑटोनॉमस पॉइंट (रोबो ड्रायव्हरशिवाय चालतो त्या टप्प्याचे), मग स्ट्रेंग्थ ऑफ शेड्यूल पॉइंट पाहतात, आणि या शेवटच्यात हरलेल्या अलायन्सचे गुण धरले जातात. म्हणून मोठी आघाडी असताना डिफेन्स थांबवून समोरच्यांना गुण करू देणं फायद्याचं असतं, आणि त्यात कुणाचं नुकसान नाही. बिघडतं ते घाईमुळे. उरलेल्या वेळात प्रतिस्पर्धी जास्तीत जास्त किती करू शकतील ते काढा, त्यात शेवटच्या टप्प्याचे गुण आणि तुमच्याकडून होऊ शकणारा एक मोठा दंड धरा. आघाडी त्याहून जास्त असेल तरच हात सैल सोडा. तिसऱ्या निकषासाठी पहिला घालवला तर जोडीदाराचाही विजय जातो.

मदत नाकारण्याची चाल जास्त अवघड आहे. एफआरसीच्या 2012 च्या ‘रिबाउंड रंबल’ या खेळात मधल्या पुलावर दोन्ही अलायन्सचे रोबो एकत्र तोलले की दोघांना प्रत्येकी 2 गुण मिळत, म्हणजे एका विजयाइतके. समोरची टीम वर जाऊ नये म्हणून पुलाकडे न फिरकणं ही योजना अलायन्सचीच असेल तर ती ठरवू द्या, पण तिच्यात तुमच्या जोडीदारांचेही 2 गुण जातात. ‘येतो’ म्हणून ऐनवेळी न जाणं तर सरळ शब्द मोडणं आहे.

क्वालिफिकेशननंतर वरच्या क्रमांकाच्या टीम कॅप्टन होऊन बाद फेरीसाठी जोडीदार निवडतात. या अलायन्स निवडीत नकार देणाऱ्या टीमला पुन्हा कुणी निवडू शकत नाही. ती फक्त कॅप्टन म्हणून खेळू शकते. नकार येणार हे ठाऊक असून पहिल्या क्रमांकाने बलवान टीमना बोलावत जाणं, म्हणजे त्या एकमेकींना मिळणार नाहीत, ही कठोर पण उघड चाल आहे आणि आमच्या मते रास्त. मात्र ज्याला बोलावता त्याने चुकून ‘हो’ म्हटलं तर त्याच्याबरोबर मनापासून खेळायची तयारी हवी.

वेगळी चाल खेळलेल्या मॅचपुढे स्काउटिंगच्या (टीमचा खेळ पाहून टिपलेल्या) नोंदीत खूण करा. त्या मॅचचे आकडे रोबोची खरी क्षमता सांगत नाहीत, आणि जोडीदाराबद्दल कुणी विचारायला आलं तर त्याचा रोबो कमी का दिसला हे सांगणं तुमच्याकडे लागतं.