विजापूरचे फोटो बिघडतात कुठे? या चुका टाळा

सोलापूरहून सकाळी नाश्ता करून निघायचं, शंभरेक किलोमीटर गाडी हाकून अकराच्या सुमाराला गोलघुमटासमोर उतरायचं, तिथे दोन तास, मग जेवण, मग उरलेलं गाव दोन तासांत उरकून अंधार पडायच्या आत परत. आमच्याकडची विजापूरची सहल अशीच असते. मीही पहिली तशीच केली. घरी येऊन पाहिलं तर चारशेच्या वर फोटो, आणि त्यातला एकही भिंतीवर लावावा असा नाही. घुमट मागे कलंडलेला, आभाळ पांढरंफटक, आतले फोटो म्हणजे काळोखात तरंगणारे चार चेहरे. तेव्हा कॅमेऱ्याला बोल लावला. पुढे चार-पाच खेपा झाल्यावर कळलं, कॅमेऱ्याची काही चूक नव्हती. निघायची वेळ आणि बघायचा क्रम चुकला होता.

(गावाचं सरकारी नाव 2014 पासून विजयपुर आहे, पाट्यांवर तेच दिसेल. मी आपलं सवयीने विजापूरच म्हणणार.)

ऊन कुठून येतं ते न बघता निघणं

बाकीच्या निम्म्या चुका या एकीच्या पोटात आहेत. आपल्या देशात मशिदीची किब्ल्याची भिंत (जिच्याकडे तोंड करून नमाज पढतात ती) पश्चिमेला असते, म्हणजे दर्शनी कमानी पूर्वेला. हे एकदा डोक्यात बसलं की होकायंत्र लागत नाही. इब्राहिम रोजा घ्या. एकाच चौथऱ्यावर पश्चिमेला मशीद, पूर्वेला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, मध्ये हौद, दोन्ही इमारती समोरासमोर. सकाळी मशिदीच्या तोंडावर ऊन असतं आणि कबरीची हौदाकडची बाजू सावलीत. दुपारी तीननंतर नेमकं उलटं. कोरीवकाम जास्त कबरीवर आहे, तेव्हा तिथे दुपार कलल्यावरच जावं. मी पहिल्यांदा गेलो ते सकाळी साडेनऊला, आणि कबरीचे सगळे मिनार काळ्या कागदातून कापल्यासारखे आले.

गोलघुमटाची दर्शनी बाजू दक्षिणेला. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो, त्यामुळे तिथे ऊन कधीच अगदी चुकत नाही. तरी सकाळी लवकर गेलात तर ते उजवीकडून तिरपं पडतं, घुमटाची एक कड उजळते, दुसरी सावलीत राहते आणि घुमट गोल दिसतो. भर दुपारी तोच घुमट ताटासारखा सपाट.

मे महिन्यात जाणार असाल तर फोटोची फार आशा धरू नका. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विजापुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. छज्जे आपलीच सावली भिंतीवर टाकतात आणि त्याखालची सगळी नक्षी काळोखात जाते. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे.

तर क्रम असा लावा: दरवाजा उघडता उघडता गोलघुमट, डोक्यावर ऊन आलं की जामा मशीद, तीननंतर इब्राहिम रोजा, मग मुलूखमैदान तोफ, आणि शेवटी उपली बुरूज. त्यासाठी सोलापूर पहाटे सोडावं लागतं किंवा आदल्या रात्री मुक्कामाला यावं लागतं. याला दुसरा इलाज नाही.

घुमट मागे पडल्यासारखा दिसतो

गोलघुमटाची उंची 51 मीटर. माणूस जवळ जातो, सगळं एका चौकटीत मावावं म्हणून फोन वाइडवर टाकतो आणि वर कलवतो. फोन कलला की उभ्या रेषा वर जाता जाता आत झुकतात. चार कोपऱ्यांवरचे सात मजली मनोरे एकमेकांच्या अंगावर रेलल्यासारखे दिसतात.

मागे सरका म्हणावं, तर मागे नगारखान्याची इमारत आहे (त्यात आता संग्रहालय आहे). त्याच्याही मागे गेलात तर घुमटाचा फक्त वरचा भाग दिसतो. माझा तोडगा असा: समोरून काढायचा हट्टच सोडायचा. बागेच्या कोपऱ्यात जायचं, जिथून दोन भिंती आणि तीन मनोरे एकदम दिसतात. फोन भिंतीसारखा सरळ उभा धरायचा, अजिबात न कलवता. खाली नको तेवढी हिरवळ येईल, ती घरी कापता येते. झुकलेले मनोरे सॉफ्टवेअरने सरळ करता येतात, पण तेव्हा कडा कापल्या जातात आणि बहुतेक वेळा एखाद्या मनोऱ्याचा कळसच जातो. सरळ करायचं ठरवूनच काढत असाल तर चारी बाजूंनी मोकळी जागा सोडा.

आणि चौकटीत एखादा माणूस असू द्या. माणसं जायची वाट बघत मी अर्धा तास उभा राहिलो होतो. रिकाम्या आवारातला तो फोटो बघून घरच्यांनी विचारलं, हा दर्गा कुठला?

काळा दगड आणि पांढरी मशीद: एकच चूक दोन तऱ्हांनी

कॅमेरा समोरचं सगळं सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. विजापूरचा दगड म्हणजे आपलाच सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. त्या भिंतीने चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, तो फोटो उजळवतो. दगड राखाडी होतो आणि मागचं निळं आभाळ धुतलं जातं. फोनवर इमारतीच्या उजळ भागावर बोट दाबून ठेवा आणि शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर उणे एकच्या आसपास. सावलीतला दगड नंतर थोडा उजळवता येतो, पांढरं पडलेलं आभाळ परत येत नाही.

जामा मशिदीत तीच चूक उलटी होते. पहिल्या अली आदिलशहाने 1576 च्या सुमारास बांधायला घेतलेली ही मशीद आतून चुन्याने रंगवलेली. कमानीमागे कमान, सगळं शुभ्र. कॅमेरा म्हणतो उजेड फार झाला, आणि सगळं मळक्या धोतराच्या रंगाचं करून टाकतो. इथे अधिक एक करा. दुपारी बाराला गावात सगळीकडे ऊन टोचत असतं तेव्हा इथे अंगणातून परतलेला मऊ उजेड कमानीखाली पसरलेला असतो. भर दुपारी फोटो काढावा अशी विजापुरातली ही एकच जागा मला सापडली आहे.

ही नमाजाची मशीद आहे, हे मात्र विसरू नका. शुक्रवारी दुपारी जाऊ नये, चपला बाहेर, आणि नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊन तर फोटो कधीच नाही. पश्चिमेच्या भिंतीतल्या सोनेरी मेहराबीवर (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर) पडदा असेल तर तिथल्या माणसाला विचारा, स्वतः ओढू नका. मी विचारलं, तेव्हा त्या चाचांनी पडदा तर सरकवलाच, वर कुठे उभा राहू तेही सांगितलं.

आत फ्लॅश मारणं

गोलघुमटाच्या आत मधे एकही खांब नाही. घुमटाचा आतला व्यास 38 मीटरच्या जवळपास. फोनचा फ्लॅश तीन-चार मीटरवर दम तोडतो. म्हणजे पुढच्या काकूंचा अंबाडा लख्ख आणि घुमट गायब. फ्लॅश बंद करा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते, तेव्हा भिंत, कठडा, पाठीवरची पिशवी, जे मिळेल त्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. नाइट मोड वापराल तर लक्षात ठेवा, हलणारी माणसं भुतासारखी पुसट येतात.

वर बघून काढायच्या फोटोला एक सोपी युक्ती आहे. मान मोडून काढलेला फोटो नेहमी तिरका येतो. त्याऐवजी मधल्या चौथऱ्याजवळ फोन जमिनीवर पाठीवर ठेवा, सेल्फी कॅमेरा चालू करा, टायमर लावा आणि बाजूला व्हा. चौकोनी दालनावर गोल घुमट कसा बसवला हे त्या फोटोत कळतं: एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी, आणि त्यांच्या जाळ्यावर टेकलेलं घुमटाचं वर्तुळ. फोनवर कोणाचा पाय पडणार नाही एवढी राखण मात्र करा. माझ्यावर ती वेळ आली आहे.

वरच्या प्रतिध्वनीच्या सज्जात घुमटाचाच फोटो काढायला गेलात तर हाती नुसती करडी भिंत लागेल. पलीकडच्या कठड्याला टेकलेली माणसं झूम करून घ्या, म्हणजे अंतर कळेल. शटरचा आवाजही बंद ठेवा, नाहीतर तुमची खट्ट सगळ्या सज्जाला पुन्हा पुन्हा ऐकावी लागते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली दहाच्या पुढे येऊ लागतात. मग फोटो विसरा आणि कान झाका.

तोफेचा फोटो उभ्या उभ्या काढणं

वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो, ती ही. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, 1632 मध्ये परांड्याहून इथे आणलेली, वजन सुमारे 55 टन. 1854 मध्ये इंग्रजांनी ती मोडीत काढायला लिलाव मांडला, तर बोली आली 150 रुपये, म्हणून वाचली.

बहुतेक जण तिच्या शेजारी हात टेकून उभे राहतात आणि समोरचा त्याच उंचीवरून फोटो काढतो. मग ती आडवी पडलेली पाण्याची टाकी दिसते. गुडघ्यावर बसा, तोंडाच्या बाजूला या. सिंहाचा जबडा आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती तिथे दिसतो. वरची फारसी अक्षरं हवी असतील तर ऊन कललेलं पाहिजे. अक्षराचा उठाव सावलीने कळतो, आणि सावली तिरप्या उन्हानेच पडते. हेच कुठल्याही शिलालेखाला लागू.

माझी इथली चूक वेगळीच होती. खाली बसलो, चौकट जमली आणि फोनने सांगितलं, जागा संपली. नातेवाइकांची सुप्रभातं तेवढी जपून ठेवलेली. निघायच्या आदल्या रात्री फोन रिकामा करा. आणि खिशातल्या रुमालाने भिंग पुसत जा. भज्यांच्या हातांनी धरलेल्या फोनचे फोटो दिवसभर धुक्यातले येतात.

नंतर कुठला घुमट कुठला, ते न आठवणं

विजापुरात घुमट एवढे आहेत की आठवड्याने जोड गुंबज कुठला आणि कुठल्या तरी गल्लीतली नाव नसलेली कबर कुठली, ते सांगता येत नाही. प्रत्येक जागी पहिला फोटो पुरातत्त्व खात्याच्या पाटीचा काढा. पुढचे सगळे त्या पाटीचे, असा हिशेब.

उपली बुरुजावर सूर्याकडे तोंड करून उभं राहणं

शेवटची चूक, आणि ती सगळे करतात. गावाच्या पश्चिम अंगाला हा सुमारे 24 मीटर उंच बुरूज, बाहेरून वळत जाणारा दगडी जिना, वर लांबलचक तोफा. संध्याकाळी गर्दी सूर्यास्ताकडे वळते आणि केशरी गोळ्याचे तेच ते फोटो घेऊन उतरते. पाठ फिरवा. पूर्वेला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गोलघुमट आहे, आणि मावळतं ऊन थेट त्याच्यावर पडतंय. झूम पूर्ण करा, कोपर कठड्यावर रोवा. मधली सगळी घरं, पाण्याच्या टाक्या, झाडं सावलीत बुडालेली असतात आणि सकाळी काळा दिसलेला तो घुमट पाच-सात मिनिटं गुळाच्या ढेपेसारखा दिसतो. मग खालून राखणदाराची शिट्टी येते.